हिशेब पुन्हां मांडण्याचा हक्क

कर्ज असणें ही आपल्या पांढरपेशा समाजांत अजूनहि चारचौघांत बोलण्याजोगी गोष्ट मानली जात नाहीं. या लाजेचा एक परिणाम असा होतो कीं, जो देणेकरी आहे त्यानें धनकोच्या हिशेबाबद्दल ब्र काढूं नये, अशी समजूत मनांत घर करून बसते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथील एखाद्या पगारदार गृहस्थानें ओव्हरड्राफ्टच्या खात्यांतून शिलकेपेक्षां अधिक रक्कम उचललेली असते. तिजवर बँकेनें व्याज लावलेलें असतें. न वटलेल्या चेकबद्दलचा आकार लावलेला असतो. आणि तो आकार भागविण्यास खात्यांत पैसा नसल्यामुळें उणी शिल्लक आणखी उणी होऊन तिजवर पुन्हां व्याज चढलेलें असतें. यांतील एखादी नोंद अन्यायाची आहे, असें त्याला स्वच्छ दिसतें. परंतु मुळांत आपणच देणें लागतों, मग परत मागावयाचें कोणत्या तोंडानें, असें म्हणून तो गप्प बसतो. ऋण खरें असलें म्हणजे हिशेबहि खराच असतो, असें तो धरून चालतो. या समजुतीविरुद्ध महाराष्ट्रांत जी दीर्घ झुंज झाली, तिचा वृत्तांत येथें थोडक्यांत सांगावयाचा आहे. कारण पासबुकांतील त्या एका ओळीचा अर्थ या इतिहासावांचून नीट उमगत नाहीं.

या इतिहासाचा आरंभ शहरांत नव्हे, खेड्यांत झाला. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें या बाजाराच्या गांवीं शेतकऱ्यांनीं सावकारांच्या दुकानांवर व घरांवर चाल केली, आणि तेथून हा दंगा पुणें व अहमदनगर या दोन जिल्ह्यांतील अनेक गांवीं पसरला. कांहीं ठिकाणीं धान्य लुटलें गेलें, कोठें आगीहि लागल्या. तथापि जमावाचा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर नसून त्याच्या दप्तरावर होता. खतें व वह्या हिसकावून घेऊन त्यांची होळी करणें, हाच बहुतेक गांवीं त्यांचा कार्यक्रम होता. अडाणी म्हणून हिणविलेल्या कुणब्यानें आपल्या दुःखाचें मूळ अचूक हेरलें होतें. तें कागदांत होतें.

अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धामुळें कापसाचे भाव चढले, त्यासरशीं शेतकऱ्याची पत वाढली, आणि भाव कोसळतांच ती नाहींशी झाली. त्यांत सरकारी साऱ्याची वाढ झाली. हीं कारणें सर्वश्रुत आहेत. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीनें अधिक बोधप्रद कारण निराळेंच आहे. १८५९ च्या कायद्यानें कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांची ठरविण्यांत आली. व्याज सांचत जाऊं नये, हा तिचा हेतु. परंतु घडलें तें उलट. दर तीन वर्षांनीं सावकार नवें खत लिहून घेई, आणि त्यांत जुनें मुद्दल व थकलेलें व्याज मिळून होणारा आंकडा नवें मुद्दल म्हणून मांडी. उदाहरण घेऊं. शंभर रुपये दरसाल दरशेंकडा चोवीस दरानें घेतले, तर सरळ व्याजानें सहा वर्षांनीं २४४ रुपये होतात. तीन वर्षांनीं १७२ रुपयांचें नवें खत केलें, तर त्याच मुदतींत ते २९५ रुपयांच्या वर जातात. व्याजाची एकदम वसुली मुद्दलाहून अधिक होऊं नये, हा आपल्या धर्मशास्त्रांतील दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यांत मान्य होता. त्याप्रमाणें ही रक्कम २०० च्या पुढें जावयाची नाहीं. परंतु व्याजाला मुद्दलाचा वेष चढविला कीं तो पहारा चुकवितां येई. शिवाय भरलेल्या पैशाची पावती न देण्याची तक्रार तर घरोघर होती.

दंग्यांची चौकशी करण्यासाठीं आयोग बसला. त्याचा अहवाल १८७८ मध्यें ब्रिटिश पार्लमेंटपुढें आला, आणि १८७९ मध्यें दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. तो प्रथम पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांस लागू झाला. या कायद्यानें कर्ज माफ केलें नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. त्यानें न्यायाधीशाला खताच्या मागें जाऊन व्यवहाराचा मुळापासून शोध घेण्यास सांगितलें. मुद्दल व व्याज यांचे हिशेब निरनिराळे मांडावयाचे, आणि सबळ कारणाखेरीज सांचलेलें व्याज मुद्दलांत मिळवूं द्यावयाचें नाहीं, असें ठरविलें. देणें किती उरलें आहे तें ठरवून द्या, अशी फिर्याद खुद्द ऋणकोला करतां येऊं लागली. पावती, वार्षिक हिशेब आणि पासबुक मागण्याचा अधिकारहि त्याला याच कायद्यानें मिळाला. न्यायमूर्ति महादेव गोविंद रानडे हे १८९३ मध्यें हायकोर्टांत जाण्यापूर्वीं या कायद्याखालील खास न्यायाधीश होते, आणि त्याची अंमलबजावणी त्यांनीं जवळून पाहिली होती. हा कायदा निर्दोष होता असें नाहीं. पुष्कळ सावकार गहाणखताऐवजीं खरेदीखत लिहून घेऊं लागले, आणि गरजवंताची पतहि आंखडली. तरी त्यानें एक तत्त्व रूढ केलें तें असें: सही झाली म्हणून हिशेबाची चौकशी संपत नाहीं.

हेंच तत्त्व पुढें शेताचा बांध ओलांडून आलें. १९१८ च्या जबर व्याजाच्या कायद्यानें व्याज अवाजवी व व्यवहार अन्यायाचा दिसल्यास तो पुन्हां उघडण्याचा अधिकार कोर्टांस दिला. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यानें सावकाराच्या वहीवर सरकारी देखरेख आणली. परंतु याच सुमारास ऋणकोचा धनकोहि बदलत चालला होता. गुमास्त्याची वही गेली आणि बँकेचें लेजर आलें. सावकारी कायद्यांतून बँकांचीं कर्जें वगळलेलीं होतीं. आणि १९ जुलै १९६९ रोजीं चौदा मोठ्या बँकांचें राष्ट्रीयीकरण झाल्यावर तर बँक म्हणजे सरकारच, अशी भावना दृढ झाली. ज्या मनुष्यानें सावकाराच्या वहीवर कधींच विश्वास ठेवला नसता, तो यंत्रानें छापलेला आंकडा वेदवाक्य मानूं लागला.

यानंतर १९८४ मध्यें बँकिंग नियमन कायद्यांत २१-अ हें कलम घालण्यांत आलें. बँकेचा व्याजाचा दर अवाजवी आहे, एवढ्याच कारणावरून बँक व तिचा ऋणको यांच्यामधील व्यवहार कोणत्याहि कोर्टानें पुन्हां उघडूं नये, असें तें सांगतें. त्याचें समर्थनहि अगदींच पोकळ नाहीं. बँक रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखालीं असते. तिचा पैसा ठेवीदारांचा असतो. आणि प्रत्येक दराचा वाद कोर्टांत चालूं लागला तर व्यवहार अशक्य होईल. परंतु परिणाम काय झाला हें स्पष्ट पाहिलें पाहिजे. १८७९ च्या कायद्यानें कुणब्याला जें दार उघडून दिलें होतें, त्याची एक फळी शहरांतील नोकरदाराच्या तोंडावर लागली. हा दर न्याय्य आहे काय, असें त्याला विचारतां येईना. हा दर, हा आकार नियमाला धरून आहे काय, एवढेंच विचारणें उरलें.

हा उरलेला प्रश्न मात्र क्षुल्लक नव्हे. १८ ऑक्टोबर २००१ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें सेंट्रल बँक ऑफ इंडिया विरुद्ध रवींद्र या खटल्यांत त्याची व्याप्ति दाखवून दिली. ठराविक मुदतीनें व्याज मुद्दलांत मिळविण्याची बँकांची रीत न्यायालयानें मान्य केली. परंतु दंडाचें व्याज मुद्दलांत मिळवितां येणार नाहीं, आणि रिझर्व्ह बँकेच्या आज्ञा मोडून केलेली आकारणी नामंजूर करावी लागेल, असेंहि बजावलें. दर तीन वर्षांनीं खत बदलणाऱ्या सावकाराची जी युक्ति १८७९ मध्यें रोखली गेली, तिच्याच एका नव्या रूपाला येथें पुन्हां अटकाव झाला.

मुंबईच्या उपनगरांनीं या कामीं आपला वांटा उचलला आहे. बिंदुमाधव जोशी यांच्या प्रेरणेनें १९७५ मध्यें, म्हणजे सुप्याच्या दंग्यानंतर बरोबर शंभर वर्षांनीं, मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. शेजारच्या कुटुंबांचे संघ करून वाणसामान एकत्र घ्यावयाचें, अशी तिची साधी रीत. पण त्या रीतीनें पार्ल्यापासून मुलुंडपर्यंतच्या गृहिणींना वजन, भाव आणि बिल तपासून घेण्याची संवय लावली. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें बँकेच्या कामाचा समावेश सेवेच्या व्याख्येंत केला. त्यामुळें खातेदार हा केवळ ऋणको न राहतां ग्राहकहि ठरला, आणि उपनगर जिल्ह्यांतील तक्रारदारासाठीं वांद्र्याला ग्राहक न्यायमंच आला. रिझर्व्ह बँकेनें १९९५ मध्यें बँकिंग लोकपालाची योजना सुरू केली; २०२१ मध्यें निरनिराळ्या लोकपाल योजना एकत्र केल्या. प्रथम बँकेकडे लेखी तक्रार करावयाची, तीस दिवसांत उत्तर न आलें किंवा तें समाधानकारक नसलें तर लोकपालाकडे जावयाचें, आणि त्यासाठीं शुल्क द्यावयाचें नाहीं, अशी त्या योजनेची रचना झाली.

नियमहि हळूहळू स्पष्ट होत गेले. बचत खात्यांत किमान शिल्लक न राहिल्यास आकार घ्यावयाचा तो तुटीच्या प्रमाणांत, आणि केवळ त्या आकारामुळें खातें उण्यांत जातां कामा नये, असें रिझर्व्ह बँकेनें २० नोव्हेंबर २०१४ रोजीं ठरविलें. १ एप्रिल २०१५ पासून तें लागू झालें. ऑगस्ट २०२३ मध्यें तिनें आज्ञा केली कीं, हप्ता चुकल्याबद्दलचा दंड आकार म्हणूनच घ्यावा, व्याजदरांत मिसळूं नये व त्यावर पुन्हां व्याज चढवूं नये. २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकांत तर असें नमूद आहे कीं, कर्जाची रक्कम हातीं पडण्यापूर्वींपासून, किंवा कांहीं दिवसांच्या थकबाकीवर संपूर्ण महिन्याचें व्याज घेण्याचे प्रकार तपासणींत आढळले, आणि जादा घेतलेली रक्कम ग्राहकांस परत करावयास सांगण्यांत आलें. शंका घेणारा खातेदार भांडखोर नसतो, याला याहून अधिक अधिकृत दाखला कोणता हवा?

इंग्लंडमधील अनुभवहि ताडून पाहण्याजोगा आहे. २००६-०७ च्या सुमारास तेथें असंख्य खातेदारांनीं ओव्हरड्राफ्टवरील दंडाचे आकार परत मागितले. परंतु २५ नोव्हेंबर २००९ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, हे आकार सेवेच्या किंमतीचाच भाग असल्यामुळें त्यांची योग्यायोग्यता त्या नियमांखालीं तपासतां येत नाहीं. पुढें एप्रिल २०२० पासून ओव्हरड्राफ्टवरील ठोक आकार बंद झाले, ते नियंत्रक संस्थेच्या आज्ञेनें. म्हणजे तेथेंहि न्यायालयाचें दार लागलें, आणि वाट निघाली ती नियमांतून.

आतां राहतो तो ऋणकोचा व्यवहारी आक्षेप. खातें उण्यांतच आहे. परतावा मिळाला तरी तो बँक त्याच खात्यांत जमा करून घेईल, मग हातीं काय पडणार? रोख पैसा बहुधा पडणार नाहीं, हें खरें. परंतु चुकीनें लागलेला ५०० रुपयांचा आकार निघाला, तर त्यावरील १८ टक्के कराचे ९० रुपये आणि त्या ५९० रुपयांवर महिनोन्‌महिने चढलेलें व्याजहि निघालें पाहिजे. तेवढें ऋण उतरतें, आणि पुढील व्याजाचें मूळ तुटतें. म्हणून मागणी नुसत्या आकाराची न करतां, त्यावरील व्याजासह, मूळ तारखेपासून नोंद उलट फिरविण्याची करावी. दुसरें असें कीं, अडचणीमुळें सवलत मागणें आणि चुकीची वसुली परत मागणें या दोन गोष्टी एकाच पत्रांत मिसळूं नयेत. पहिली विनंति आहे. ती मान्य करणें बँकेच्या मर्जीवर आहे. दुसरी हिशेबाची दुरुस्ती आहे. तिला मर्जीचा प्रश्न नाहीं. आणि वाद चालू असतां ज्या रकमेबद्दल वाद नाहीं ती भरीत राहावें. नाहीं तर खऱ्या थकबाकीचा नवा दंड बसून खऱ्या तक्रारीचें बळ ओसरतें.

कर्ज फेडावें, ही आपल्या घरांतील शिकवण चांगली आहे, आणि ती सोडण्याचें कारण नाहीं. परंतु जें देणें नाहीं तें लाजेस्तव भरण्यास ती शिकवण सांगत नाहीं. सुप्याच्या शेतकऱ्यानें वही जाळली, कारण ती उघडून पाहण्याचें कोणतेंहि साधन त्याच्या हातीं नव्हतें. त्यानंतर चार वर्षांनीं जें पासबुक मागण्याचा हक्क त्याच्यासाठीं कायद्यानें निर्माण केला, तें आज उपनगरांतील प्रत्येक घरांत आहे, आणि बहुतेक घरांत तें शेवटची शिल्लक पाहून मिटलें जातें. तें पहिल्या पानापासून वाचावें. ज्या नोंदीचा अर्थ लागत नाहीं ती कोणत्या नियमानें केली, असें लेखी विचारावें. डोक्यावर कर्ज असलेल्या माणसाला तर हें अधिकच अवश्य आहे, कारण हिशेबांतील चुकीवर व्याज चढतें तें त्याच्याच खात्यांत.