११ ओळी, अडीच तास आणि मालकीचा प्रश्न

२२ मार्च २०१६. जगभरातील असंख्य प्रोग्रामरांच्या पडद्यांवर एकच त्रुटी झळकू लागली : ‘लेफ्ट-पॅड’ सापडत नाही. त्यांतील बहुतेकांनी हे नाव पूर्वी ऐकलेही नव्हते. ती होती अवघ्या ११ ओळींची आज्ञावली. काम एवढेच, की शब्दाच्या किंवा आकड्याच्या डावीकडे रिकाम्या जागा वा शून्ये भरून त्याची लांबी ठरावीक करावी. ७ चे ००७.

नावही ठाऊक नसलेल्या वस्तूवर इतक्या जणांचे काम अडावे, ही अवस्था दोन दशकांत घडत आली होती.

१९८७ साली लॅरी वॉलने पर्ल ही भाषा प्रसिद्ध केली, तेव्हा दुसऱ्याची लायब्ररी वापरायची म्हणजे ती शोधा, उतरवून घ्या, हाताने बसवा. आणि मग कळायचे की तिला आणखी एक लायब्ररी लागते. १९९४ च्या पर्ल ५ ने मॉड्यूलची सोय दिली आणि पुढच्याच वर्षी ‘सीपॅन’ हे सामाईक भांडार उभे राहिले. कल्पना उसनी होती : टेक या अक्षरजुळणी-प्रणालीच्या वापरकर्त्यांनी ‘सीटॅन’ हे भांडार आधीच चालवले होते. सीपॅनच्या प्रती अनेक देशांतील यंत्रांवर ठेवलेल्या असत. लेखकाने आपले मॉड्यूल काढून घेतले, तरी ‘बॅकपॅन’ या जुन्या दप्तरात ते शिल्लक राही. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो.

पायथनला २००३ मध्ये पायपीआय आणि २००८ मध्ये पिप मिळाले. रूबीला जेम्स, पीएचपीला आधी पेअर व नंतर कंपोझर.

२०१० मध्ये आयझॅक श्लूटरने जावास्क्रिप्टसाठी एनपीएम आणले. त्याची एक खुबी होती. प्रत्येक पॅकेज आपल्याला लागणाऱ्या पॅकेजची स्वतंत्र प्रत जवळ बाळगू शके, त्यामुळे आवृत्त्यांचे भांडण मिटले. अवलंबून राहणे इतके स्वस्त झाले, की चिमुकल्या पॅकेजांचे पेवच फुटले. जावास्क्रिप्टची स्वतःची शिदोरी तुटपुंजी, हेही एक कारण होतेच. मात्र या साऱ्याचे कोठार एकच, आणि २०१४ पासून ते एका खासगी कंपनीच्या हाती.

अझेर कोचुलू या प्रोग्रामरचे ‘किक’ नावाचे एक पॅकेज तेथे होते. त्याच नावाच्या कॅनडातील संदेशसेवा कंपनीने नाव मागितले. त्याने नकार दिला. एनपीएमने ते नाव कंपनीला देऊ केले. संतापून त्याने आपली २५० हून अधिक पॅकेजे मागे घेतली. लेफ्ट-पॅड त्यांतलेच. बेबेलसारखी बलाढ्य साधने मधल्या दोन-तीन पॅकेजांमार्फत त्यावर उभी होती, आणि तीच कोसळली.

दहा मिनिटांत दुसऱ्या एकाने तसेच पॅकेज १.०.० या क्रमांकाने चढवले. उपयोग झाला नाही; अनेक साखळ्या नेमकी ०.०.३ हीच आवृत्ती मागत होत्या. शेवटी एनपीएमने जुन्या प्रतीतून ०.०.३ परत आणली, तीही लेखकाच्या इच्छेविरुद्ध. गोंधळ सुमारे अडीच तास चालला.

परवाना पाहता यात बेकायदा काही नव्हते. कोचुलूने कोणालाही काहीही करण्याची मुभा आधीच दिली होती. तथापि या घटनेकडे निव्वळ तांत्रिक अपघात म्हणून पाहणे अपुरे आहे. सीपॅनमध्ये लेखकाला निघून जाता येई आणि वापरणाऱ्याचे फारसे अडत नसे, कारण दप्तर सर्वांचे होते. एनपीएममध्ये दोघांचे हक्क समोरासमोर आले आणि निवाडा कोठाराच्या मालकाने दिला.

थोड्याच दिवसांत एनपीएमने नियम बदलला : तेव्हाच्या त्या नियमानुसार प्रकाशनानंतर २४ तासांपर्यंतच लेखकाला पॅकेज स्वतःहून मागे घेता येई, त्यानंतर कंपनीकडे अर्ज करावा लागे. २०१७ च्या जावास्क्रिप्ट प्रमाणात डावीकडे भर घालण्याची सोय भाषेतच आली. २०२० मध्ये खुद्द एनपीएम गिटहबने विकत घेतले.