जरीपटका : दोन राष्ट्रांमधील एक न मिटलेला हिशेब

१

उत्तर नागपुरात इंदोऱ्याच्या शेजारी असलेल्या जरीपटका ह्या वसाहतीचे नाव मराठी वाचकाचे मन प्रथम मराठेशाहीकडे नेते. जरीपटका म्हणजे मराठ्यांच्या फौजेपुढे चालणारे भरजरी निशाण. शब्दाच्या पूर्वार्धात सोने ह्या अर्थाचा फार्सी ‘जर’ आहे, उत्तरार्धातील ‘पटका’ संस्कृत ‘पट्ट’ शब्दाच्या कुळातील आहे. परंतु नागपूरकरांच्या बोलण्यात ह्या नावाला आज जो अर्थ आहे, त्याचा निशाणाशी काहीच संबंध उरलेला नाही. १९४७ च्या फाळणीनंतर सिंध प्रांतातून आलेल्या कुटुंबांची वस्ती, त्यांची बाजारपेठ आणि त्यांच्या शाळा हाच त्याचा प्रचलित अर्थ होय.

भारत आणि पाकिस्तान यांच्या संबंधांचा विचार बहुधा काश्मीर, युद्धे आणि शिखर परिषदा यांच्या अनुषंगाने केला जातो. ह्या विषयांचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि दोन्ही देशांत प्रारंभीच्या दशकात सर्वांत अधिक बैठका, अध्यादेश आणि पत्रव्यवहार ज्या प्रश्नांनी घडवून आणले, त्यांत निर्वासितांनी मागे टाकलेल्या मालमत्तेचा प्रश्न अग्रस्थानी होता. हा प्रश्न दोन सरकारांनी परस्परांत कधीच मिटवला नाही. प्रत्येक सरकारने तो आपापल्या हद्दीत, आपापल्या कायद्याने आणि आपापल्या तिजोरीतून निकालात काढला. जरीपटका, खामला, उल्हासनगर यांसारख्या वसाहती ह्या निकालाचे दृश्य रूप आहेत. त्या निकालात काय जमा झाले आणि काय कायमचे बुडाले, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

सिंधचे महाराष्ट्राशी असलेले नाते फाळणीच्या पूर्वीचे आहे. इंग्रजांनी १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडण्यात आला आणि १ एप्रिल १९३६ रोजी तो स्वतंत्र प्रांत होईपर्यंत त्याचा कारभार मुंबईहून चालला. १९३२ मध्ये पुरे झालेले सक्करचे धरण मुंबई सरकारनेच बांधले. शिकारपूरच्या सावकारांच्या हुंड्या कंदाहार-बुखाऱ्यापर्यंत चालत, आणि हैदराबादच्या ‘सिंधवर्की’ व्यापाऱ्यांच्या पेढ्या पूर्वेस व पश्चिमेस दूरवरच्या बंदरांत होत्या. १९४१ च्या जनगणनेनुसार प्रांताच्या सुमारे ४५ लाख लोकसंख्येत हिंदूंची संख्या सव्वाबारा लाखांच्या आसपास होती. हा समाज मुख्यतः नागर व व्यापारी होता.

फाळणीत पंजाब आणि बंगाल हे प्रांत विभागले गेले. सिंध मात्र अखंड पाकिस्तानात गेला. ह्या एका गोष्टीचे परिणाम दूरगामी ठरले. पश्चिम पंजाबातून आलेल्या शेतकऱ्याला पूर्व पंजाब होता, आणि तेथून निघून गेलेल्या मुसलमान शेतकऱ्यांच्या जमिनी होत्या. हिंदू व शीख यांनी सोडलेली जमीन सुमारे ६७ लाख एकर व वाटपास उपलब्ध जमीन सुमारे ४७ लाख एकर, असा तेथे तुटवडा होता, तरी तो एकाच भाषेच्या मुलखात कमीअधिक वाटून घेता आला. सिंधी माणसाला असा उरलेला अर्धा प्रांतच नव्हता. १७ डिसेंबर १९४७ रोजी हैदराबादेत आणि ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगली झाल्यानंतर स्थलांतराने वेग घेतला. लोक बोटींनी मुंबईस व काठेवाडच्या बंदरांत उतरले, आगगाडीने राजस्थानमार्गे आले, आणि जेथे छावणी मिळाली तेथे थांबले. मध्यप्रांत व वऱ्हाडची तत्कालीन राजधानी नागपूर हे अशा थांब्यांपैकी एक होते.

३

ह्या घडामोडींनी दोन शब्द प्रचारात आणले, आणि त्यांची व्याकरणिक घडण लक्षात घेण्याजोगी आहे. आलेला माणूस ‘निर्वासित’ ठरला. हे कर्मणी रूप आहे. त्याला कोणीतरी बाहेर घालवले, असा त्याचा भाव. गेलेला माणूस ‘निष्क्रांत’ ठरला. हे कर्तरी रूप आहे. तो आपण होऊन निघून गेला, असे ते सूचित करते. ज्याने देश सोडला त्याची मालमत्ता ‘निष्क्रांत मालमत्ता’ म्हणून सरकारी अभिरक्षकाच्या ताब्यात जाई. सीमेच्या पलीकडेही अशाच कोटी निर्माण झाल्या. तेथे आलेला माणूस ‘मुहाजिर’ झाला.

याचा अर्थ असा की एकच कुटुंब एकाच वेळी दोन दप्तरांत दोन नावांनी नोंदले गेले. कराचीच्या दप्तरात ते निष्क्रांत, नागपूरच्या दप्तरात निर्वासित. पहिल्या नोंदीने त्याच्या घरावरचा हक्क गोठवला, दुसरीने त्याला साह्याचा हक्क दिला. ह्या दोन नोंदी एकमेकींसमोर मांडून खाते बंद करणे हे दोन सरकारांचे काम होते.

शब्दाची ही घडण केवळ व्याकरणापुरती राहिली नाही. भारतात १९४९ च्या अध्यादेशाने आणि १९५० च्या निष्क्रांत मालमत्ता प्रशासन अधिनियमाने ‘निष्क्रांत होऊ पाहणारा’ अशीही एक कोटी निर्माण केली. देश न सोडलेल्या मुसलमान नागरिकाच्या मनात जाण्याचा हेतू आहे असे ठरवून त्याच्या मालमत्तेच्या व्यवहारावर बंधने घालता येऊ लागली. ही तरतूद १९५३ मध्ये रद्द झाली, आणि ७ मे १९५४ नंतर नव्याने कोणतीही मालमत्ता निष्क्रांत ठरवण्याचे थांबले. तोवर सिंधमधील हिंदूच्या हानीची भरपाई शोधताना येथील मुसलमानाच्या डोक्यावर अनिश्चिततेची तलवार टांगली गेली होती, हे नमूद केल्याशिवाय ह्या इतिहासाची दुसरी बाजू पुरी होत नाही.

४

वाटाघाटींचा क्रम असा. जानेवारी १९४९ मध्ये कराची येथे दोन सरकारांमध्ये समझोता झाला. त्यानुसार ठरावीक प्रदेशांतील शहरी स्थावर मालमत्ता मालकांनी खाजगी रीतीने विकावी किंवा अदलाबदल करून घ्यावी, असे ठरले. कागदावर हा मार्ग सरळ होता. प्रत्यक्षात अशा व्यवहारांवर निर्बंध येत गेले आणि त्याच वर्षी दोन्ही देशांनी अधिक कडक अध्यादेश काढले. जून १९५० मध्ये जंगम मालमत्तेविषयी समझोता झाला; स्थावराचा प्रश्न तसाच राहिला.

मतभेदाचे मूळ हिशेबाच्या पद्धतीत होते. भारताची सूचना अशी होती की दोन्ही बाजूंच्या मालमत्तेचे मूल्यमापन व्हावे, आणि ज्याच्याकडे अधिक राहिले त्या सरकारने फरकाची रक्कम दुसऱ्यास द्यावी. पाकिस्तानचा आग्रह खाजगी विक्री व अदलाबदलीचा होता. पाकिस्तानात राहिलेली मालमत्ता भारताच्या लेखी सुमारे ५०० कोटी रुपयांची व भारतात राहिलेली सुमारे १०० कोटींची होती. पाकिस्तानला हा अंदाज मान्य नव्हता. सरकारी पातळीवर हिशेब झाला असता, तर भारताच्या आकड्यांनुसार पाकिस्तान देणेकरी ठरला असता. नवजात राज्याच्या तिजोरीला हे देणे पेलणारे नव्हते, हे त्या नकारामागील आर्थिक कारण होय.

अखेर १९५४ मध्ये भारताने विस्थापित व्यक्ती (भरपाई व पुनर्वसन) अधिनियम केला. अभिरक्षक तोवर दुसऱ्याची मालमत्ता सांभाळणारा होता. ह्या अधिनियमाने सरकारला तिची मालकी घेता आली. ती मालमत्ता आणि सरकारी निधी यांची एक पुंजी करून तीतून दावेदारांना भरपाई देण्यात आली. पाकिस्तानने त्याच धर्तीचा कायदा १९५८ मध्ये केला. दोन्ही देशांनी दुसऱ्याच्या नागरिकांची घरे आपल्या नागरिकांना दिली आणि आपसातील खाते उघडेच ठेवले.

५

त्या काळात दोन देशांत काहीच मिटत नव्हते, असे मात्र म्हणता येणार नाही. पाकिस्तानच्या वाट्याच्या रोख शिलकेपैकी अडवून ठेवलेले ५५ कोटी रुपये देण्याचा निर्णय १५ जानेवारी १९४८ रोजी, गांधीजींच्या उपोषणाच्या काळात झाला. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाबरोबर भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, पाकिस्तानने केले नाही. शंभर पाकिस्तानी रुपयांना १४४ भारतीय रुपये पडू लागले आणि व्यापार जवळजवळ ठप्प झाला. बंगालच्या तागाच्या गिरण्यांप्रमाणेच सिंध-पंजाबच्या लांब धाग्याच्या कापसावर अवलंबून असलेल्या कापडगिरण्यांनाही त्याची झळ लागली. तरीही फेब्रुवारी १९५१ मध्ये भारताने तो दर मान्य करून व्यापारी करार केला. १९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत सिंधू जलकरार झाला आणि त्यानुसार भारताने दहा हप्त्यांत ६ कोटी २० लाख ६० हजार पौंड देण्याचे स्वीकारले.

मग पाणी आणि व्यापार यांवर तोडगा निघाला व मालमत्तेवर का निघाला नाही? जलकरारात जागतिक बँकेसारखा मध्यस्थ होता, हे एक कारण. त्याहून महत्त्वाचे कारण असे की ताग, कोळसा व पाणी यांच्या अभावी प्रत्येक राज्याचे पुढचे वर्ष अडत होते. मागे राहिलेल्या घराच्या बाबतीत राज्याचे काहीच अडत नव्हते. ते घर ताब्यात होते, त्यात नवे निर्वासित राहत होते, आणि त्याचा मूळ मालक आता दुसऱ्या देशाचा मतदार होता. ८ एप्रिल १९५० च्या नेहरू-लियाकत करारात बंगालमधील स्थलांतरितांचे मालमत्तेवरील हक्क राखण्यात आले, कारण तेथे माणसे परत जातील ही शक्यता दोन्ही सरकारांना हवीशी होती. सिंधच्या बाबतीत ती कोणी धरली नव्हती. शेजारी राष्ट्रे ज्या देण्यावाचून आपले अडते तेच देणे प्रथम चुकते करतात, हा नियम येथे उघड दिसतो. फाळणीपूर्व कर्जाचा पाकिस्तानचा वाटा म्हणून ३०० कोटी रुपयांचे ‘येणे’ भारताच्या अंदाजपत्रकाच्या कागदपत्रांत कित्येक दशके लिहिले जात राहिले, हे त्याचेच दुसरे उदाहरण.

६

जरीपटक्यासारख्या वसाहतींच्या दृष्टीने ह्या व्यवस्थेचा अर्थ काय झाला? सरकारने बांधलेली घरे व भूखंड पडताळलेल्या दाव्यापोटी वळते करून घेता येत होते. दावा जितका मोठा, तितके भरपाईचे प्रमाण कमी, असे कोष्टक होते. परंतु १९५० च्या दावे अधिनियमाखाली दावा करता येत होता तो स्थावर मालमत्तेचा. व्यापारी समाजाची खरी संपत्ती घर-शेतात नसते. ती उधारीत, हुंडीत आणि पतीत असते. शिकारपूरच्या पेढीची पत कोणत्याही दाव्याच्या अर्जात बसणारी नव्हती. ‘क्लेम’ हा इंग्रजी शब्द सिंधी घरांत रुळला, पण त्याच्या कक्षेत जे आले नाही ते बाजारात पुन्हा पहिल्यापासून उभे करावे लागले. कापड, किराणा आणि घाऊक व्यापारात सिंधी दुकानदाराची जी चिकाटी नागपूरकरांनी पाहिली, तिची आर्थिक मीमांसा ह्या संदर्भातच करावयास हवी.

भाषेचा हिशेब आणखी निराळा. नागपूर १९५६ मध्ये मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आले. भाषावार प्रांतरचनेत प्रत्येक मोठ्या भाषेला आपला मुलूख मिळत असताना सिंधीला मुलूख नव्हता. १८५३ मध्ये इंग्रज सरकारने निश्चित केलेली अरबी वळणाची लिपी ठेवावी की देवनागरी घ्यावी, हा वाद भारतात आल्यावर पेटला. सिंधीतील चार अंतःस्फोटक व्यंजनांसाठी देवनागरीत खालच्या रेघेची अक्षरे योजावी लागली. १० एप्रिल १९६७ रोजी घटनेच्या आठव्या परिशिष्टात सिंधीचा समावेश झाला. जरीपटक्यातील महात्मा गांधी सेंटेनियल सिंधू हायस्कूलच्या नावात ‘सिंधू’ टिकली आहे; सिंधमधील नदीचा प्रवाह सीमेपलीकडे राहिला.

७

निर्वासित आणि निष्क्रांत यांच्या जोडीला पुढे तिसरा शब्द आला. १९६५ च्या युद्धात दोन्ही देशांनी परस्परांच्या नागरिकांची मालमत्ता ताब्यात घेतली. १० जानेवारी १९६६ च्या ताश्कंद घोषणेत तिच्या परतीविषयी चर्चेचे आश्वासन होते. परत मात्र काही झाले नाही, आणि १९६८ मध्ये भारतात शत्रू-संपत्ती अधिनियम झाला. ‘घालवलेला’, ‘निघून गेलेला’ आणि ‘शत्रू’ ह्या तीन शब्दांचा क्रम हाच दोन देशांतील संबंधांच्या उताराचा आलेख मानता येईल. निर्वासितांच्या दाव्यांविषयीचे जुने कायदे २००५ मध्ये रद्द करण्यात आले. भारताच्या दृष्टीने ते प्रकरण संपले. १९६५ मध्ये बंद पडलेला मुनाबाव-खोखरापार रेल्वेमार्ग २००६ मध्ये पुन्हा सुरू झाला आणि २०१९ मध्ये तेथील गाडी पुन्हा थांबली.

माणसांचे येणे मात्र संपले नाही. सिंधमधून पुढील दशकांतही कुटुंबे नागपुरात येत राहिली, आणि डिसेंबर २०१६ मध्ये अशा अर्जदारांना नागरिकत्व देण्याचे अधिकार ज्या जिल्हाधिकाऱ्यांना मिळाले त्यांत नागपूरचे जिल्हाधिकारी होते. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथील हल्ल्यानंतर भारताने सिंधू जलकरार स्थगित ठेवल्याचे जाहीर केले, अटारीचा मार्ग बंद केला आणि पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द केले. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर असलेल्या हिंदूंना ह्यातून वगळल्याचा खुलासा लगेच झाला, परंतु तो खुलासा करावा लागला, ह्यातच ह्या लोकांच्या स्थितीचे मर्म आहे. दिल्ली आणि इस्लामाबाद येथे निघणाऱ्या प्रत्येक आदेशाबरोबर आपले नाव कोणत्या रकान्यात जाते, हे त्यांना आजही पाहावे लागते.

तात्पर्य, परराष्ट्रसंबंधांच्या अभ्यासात करार कोणते झाले याइतकेच कोणते झाले नाहीत, आणि त्या न झालेल्या करारांची किंमत कोणी भरली, याला महत्त्व दिले पाहिजे. ह्या अभ्यासाची साधने परराष्ट्र मंत्रालयांच्या दप्तरांपुरती मर्यादित नाहीत. अभिरक्षकांची नोंदपुस्तके, दाव्यांचे आदेश, वसाहतींची वाटपपत्रे आणि ह्या सर्वांवर उमटलेली दोन लिप्यांतील सह्या-अक्षरे हीही त्याच इतिहासाची साधने होत. उत्तर नागपुरातील वसाहत त्या दृष्टीने स्थानिक इतिहासाचा विषय राहत नाही. दोन राष्ट्रांनी एकमेकांच्या नावे टाकलेल्या आणि कोणीही न भरलेल्या रकमेचा तो एक पुरावा ठरतो.