निळी गोळी कोणाला मिळते? मोहल्ल्यातील मुला-मुलींचा रक्तक्षय

रक्तक्षय म्हणजेच ॲनिमिया. 15 वर्षांवरील मुलीचे हिमोग्लोबिन 12 ग्रॅमच्या खाली आणि मुलाचे 13 च्या खाली गेले की रक्तक्षय धरतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुली आणि 31 टक्के मुलगे त्यात निघाले. आधीच्या सर्वेक्षणापेक्षा दोन्ही आकडे वाढलेच. धाप लागणे, वर्गात डुलक्या, पाठ केलेले न आठवणे ही त्याची लक्षणे, आणि आपण म्हणतो पोर आळशी आहे.

आपला समाज आरोग्यात सगळीकडेच मागे आहे, असेही नाही. 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालात मुस्लिमांमधील बालमृत्यूचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा कमी दिसले होते. म्हणजे लहानपणी वाचलेली मुले पुढे कुठे सुटतात, ते पाहायला हवे.

सरकारची उपाययोजना साधी आहे: आठवड्याला लोह आणि फॉलिक ॲसिडची एक निळी गोळी, वर्षातून दोनदा जंताची गोळी. ही गोळी सरकारी व अनुदानित शाळांत सहावी ते बारावीला मिळते. शाळा सोडलेल्या मुलींना अंगणवाडीतून. शाळा सोडलेल्या मुलग्यांचे काय? साप्ताहिक गोळीच्या योजनेत त्यांच्यासाठी जागाच नाही. भिवंडी-मालेगावात लूमवर, मुंबईत जरीच्या किंवा बॅगांच्या कारखान्यात बसणारा पंधरा वर्षांचा पोरगा कोणत्याच यादीत येत नाही. विनाअनुदानित शाळेतली मुले आणि शाळा म्हणून नोंद नसलेल्या मदरशातले तालिब-ए-इल्मही असेच सुटतात. आमच्या मते खरी तफावत इथे आहे, आणि गरिबीमुळे शाळा लवकर सुटते तिथे ती वाढत जाते.

“आमच्यात गोश्त खातात, रक्त कमी कसं होईल?” पालकसभेत हे हमखास ऐकू येते. गोश्तातले लोह अंगी लागते, हे खरेच. पण सात माणसांत अर्धा किलो आणले तर शेवटी जेवणाऱ्या मुलीच्या ताटात शोरबाच येतो. त्यावर लगेच चहा! चहामुळे लोह नीट शोषले जात नाही, म्हणून जेवण आणि चहा यात तासभर तरी अंतर ठेवावे. डाळ-पालेभाजीवर लिंबू पिळावे.

गोळीने शौचाला काळे होते, कधी मळमळते. घाबरू नये, जेवणानंतर घेतली की त्रास कमी होतो. “पुढे मूल होत नाही” ही निव्वळ अफवा आहे. रमजानमध्ये गोळी इफ्तारनंतर, जेवून घ्यावी.

शाळेबाहेरच्या मुलाचे हिमोग्लोबिन सरकारी आरोग्य केंद्रात तपासता येते. मदरशाच्या किंवा कारखान्याच्या जिम्मेदारांनी आशाताईंना गाठून केंद्राच्या डॉक्टरांकडे लेखी यादी दिली, तर तपासणीची मागणी करता येते. यादीत वय नक्की लिहावे, कारण गोळीची मात्रा वयावर ठरते.