सांगोल्याचे आबासाहेब

गणपतराव देशमुखांची गोष्ट निघाली की पहिल्या मिनिटाला एसटी येते. आमदार असून एसटीनं मुंबईला जायचे, घरची भाकरी बांधून न्यायचे, डामडौल म्हणून नाही. हे खरं आहे आणि सांगण्यासारखंही आहे. पण खरं सांगू, मला अलीकडे त्याचा जरा कंटाळा येतो. सांगोला तालुक्यानं या माणसाला अकरा वेळा विधानसभेत पाठवलं ते त्याच्या साधेपणामुळे, असं म्हणायचं, तर त्याच तालुक्यानं त्याला दोनदा पाडलं, ते कशामुळे? एसटी तर तेव्हाही होती. म्हणून आज मी आबासाहेब या साध्या माणसाविषयी बोलणार नाही. गणपतराव देशमुख या राजकारण्याविषयी बोलणार आहे.

मी शेजारच्या पंढरपूर तालुक्यातला. आमच्या गावाची शीव ओलांडली की सांगोला लागतो. हा माणदेशाचा मुलूख. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही येईलच असं नाही. माण नदी पावसाळ्यात चार दिवस नदी असते, बाकी वर्षभर वाळू. मेंढरं, बाजरी, मटकी आणि पोटासाठी बाहेर गेलेली माणसं, अशी या भागाची जुनी ओळख.

गणपतराव मूळचे मोहोळ तालुक्यातल्या पेनूरचे. जन्म १९२६चा. कायद्याचं शिक्षण घेऊन सांगोल्यात वकिली करू लागले आणि शेतकरी कामगार पक्षात रमले. १९६२ साली महाराष्ट्र राज्याची पहिली विधानसभा निवडणूक झाली. २६४पैकी २१५ जागा काँग्रेसनं जिंकल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजलेल्या शेकापच्या वाट्याला १५ आल्या. त्या पंधरांत एक सांगोल्याची होती. सत्तेच्या एवढ्या मोठ्या भिंतीसमोर तालुक्याच्या गावातला एक वकील उभा राहिला आणि १९६७ साली पुन्हा निवडून आला.

१९७२च्या मार्चमध्ये मात्र हरला. बांगलादेशच्या युद्धानंतरची ती लाट होती, काँग्रेसनं २२२ जागा नेल्या. आणि त्याच वर्षी पाऊस गेला.

बहात्तरचा दुष्काळ मला पुस्तकातून समजून घ्यावा लागला नाही. मी नऊ वर्षांचा होतो. आई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. मी धाकट्या बहिणीला घेऊन सावलीला बसायचो, म्हणजे सावली असेल तिथं. दुपारी सुकडी मिळायची. घरी मिलोच्या भाकरी. त्या लाल ज्वारीची चव आजही जिभेवरून जात नाही. १९७३च्या मे महिन्यात राज्यभर अशा कामांवर जवळपास पन्नास लाख माणसं होती, हे मी पुढं वाचलं. तेव्हा एवढंच कळत होतं, की शनिवारी हजेरी वाचली जाते आणि त्यात आईचं नाव आहे की नाही, यावर आमचा पुढचा आठवडा ठरतो.

ही हजेरी हे त्या काळातलं सर्वांत मोठं राजकारण होतं. काम कुठं निघणार, मजुरी मापावर किती पडणार, मस्टर कोण लिहिणार, पगार किती आठवडे थकणार. हे प्रश्न विधानसभेत विचारायचे तसेच मामलेदार कचेरीच्या पायरीवरही विचारायचे असतात. शेकापची माणसं या भागात ते करत होती. सांगोल्याच्या काँग्रेस आमदारांचं निधन झालं आणि १९७४ साली पोटनिवडणूक लागली. गणपतराव निवडून आले, आणि त्यानंतर १९९५पर्यंत त्यांना कोणी हलवू शकलं नाही. माझ्या मते त्यांची खरी कारकीर्द १९६२ला नाही, या पोटनिवडणुकीपासून सुरू होते. आधी ते पक्षाचे आमदार होते. दुष्काळानंतर तालुक्याचे झाले.

त्याच दुष्काळातून रोजगार हमी योजना वर आली. मूळ कल्पना वि. स. पागे यांची; १९६५ साली तासगाव तालुक्यातल्या विसापुरात त्यांनी तिचा प्रयोग केला होता. १९७७ साली कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो अमलात आला. मागेल त्याला काम, आणि खर्चासाठी शहरातल्या पगारदारांकडून व्यवसाय कर. कायदा अमलात आला, तेव्हा गणपतराव शरद पवारांच्या पुलोद मंत्रिमंडळात होते. वीस वर्षांनी, १९९९ साली, विलासराव देशमुखांच्या सरकारात त्यांच्याकडे पणनबरोबर रोजगार हमी हेच खातं आलं. बहात्तरला हरलेला माणूस बहात्तरच्या योजनेचा मंत्री झाला. दोन्ही मंत्रिपदं पाच वर्षं टिकली नाहीत. बाकी जवळजवळ सगळी हयात विरोधी बाकावर.

विरोधी बाकावरचा आमदार करतो काय, असं विद्यार्थी मला विचारायचे. त्याच्या हातात तिजोरी नसते. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना आणि अर्थसंकल्पातल्या कपात सूचना असतात. मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं, आणि त्या उत्तरासाठी खाली तालुक्यापर्यंत कागद हलतो. हे काम चिवटपणाचं आहे. फोटो निघत नाही.

दुसरं काम सहकारातलं. ज्या तालुक्यात कापूस फारसा पिकत नाही, तिथं त्यांनी शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी केली आणि चालवून दाखवली. आपल्याकडच्या सहकारी गिरण्यांचं पुढं काय झालं, हे ठाऊक असलेल्यांना या वाक्याचं वजन कळेल.

आता १९९५. तो निकाल मला चांगला आठवतो. मतपत्रिकांचा जमाना, मोजणी लांबत जायची. दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बातमी आली, की आबा पडले. किती मतांनी? एकशे ब्याण्णव. काँग्रेसचे शहाजीबापू पाटील निवडून आले होते. आमच्यातले एक सर म्हणाले, एका वाडीनं पाडलं. मला ते पटलं नाही. एकवीस वर्षांत एक पिढी मतदार होऊन बसली होती. तिला बहात्तरची हजेरी आठवत नव्हती. रोजगार हमीच्या जोडीनं १९९०पासून फळबागा लागल्या, माळरानावर डाळिंब आलं, हातात पैसा खेळू लागला. त्या पिढीला मजुरी नको होती, पाणी हवं होतं. आणि पाणी येत नव्हतं.

कृष्णेच्या पाण्याचा वाटा बच्छावत लवादानं १९७६ साली ठरवून दिला होता. ते अडवून दुष्काळी भागाकडे वळवायला राज्याला वीस वर्षं लागली. १९९३पासून क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीत पाणी परिषदा सुरू केल्या. तेरा दुष्काळी तालुक्यांची ती चळवळ. गणपतराव तिच्यात अण्णांच्या बरोबरीनं होते. कराडजवळ टेंभूला कृष्णा उचलायची आणि पंपांच्या टप्प्यांनी आटपाडी-सांगोल्याकडे आणायची. तिकडून म्हैसाळची दुसरी वाट. योजना कागदावर आल्या, मग निधी अडला, मग पाणी आलं तर पंपांचं वीजबिल कोणी भरायचं यावर अडलं. १९९९ला आबा पुन्हा निवडून आले; २००४, २००९, २०१४ हेही जिंकले. शेवटच्या वेळी वय ८८ होतं.

इथं एक बोचरी गोष्ट सांगायलाच हवी. १९६२ला शेकापचे पंधरा आमदार होते, २०१४ला तीन. आबा टिकले, पक्ष आटत गेला. पक्ष सोडला नाही, हा त्यांचा मोठेपणा सगळे सांगतात. पण त्यांच्यानंतर कोण, याचं उत्तर सांगोल्यातही कार्यकर्त्यांतून आलं नाही, घरातून आलं. २०१९ साली ते थांबले आणि नातू डॉ. अनिकेत उभे राहिले. समोर पुन्हा शहाजीबापू, या वेळी शिवसेनेचे. नातू हरला ७६८ मतांनी. इतिहासाच्या मास्तरला आकड्यांशी खेळू नये म्हणतात, तरी सांगतो: ७६८ म्हणजे १९२च्या बरोबर चौपट.

३० जुलै २०२१ला सोलापुरात आबा गेले. २०२४ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी शहाजीबापूंना हरवून जागा शेकापकडे परत आणली.

मधल्या काळात टेंभूचं पाणी माण नदीत सुटू लागलं, बंधारे भरू लागले. असंच एका उन्हाळ्यात आईला बंधारा दाखवायला नेलं होतं. ऐंशी ओलांडलेली ती, काठावर बराच वेळ उभी राहिली. मग तिनं मला विचारलं, ‘हे सोडायचं कोण ठरवतं? त्याचीबी हजेरी असते का?’ मी तिला पाण्याच्या आवर्तनाचं वेळापत्रक कसं लागतं ते सांगू लागलो. तिनं निम्म्यातच हात हलवला आणि त्या वर्षी आपल्या बाजूच्या वाड्यांना पाणी मिळालं का, ते विचारलं. मिळालं नव्हतं.