धुराच्या गावातली रंगीत झाडं

क्लॅरिस क्लिफच्या 'ऑटम' या डिझाइनमधली झाडं कुठल्याच जंगलात सापडणार नाहीत. खोडं नागमोडी, आणि पानांच्या जागी रंगीत फुग्यांसारखे गोळे, कधी निळे, कधी नारिंगी. बाजूला एक छोटंसं घर. हे सगळं कुठे, तर चहाच्या किटलीवर, बशीवर, जॅमच्या बरणीवर. १९३० च्या आसपास ब्रिटनमधल्या घरांत हा निसर्ग थेट चहाच्या टेबलावर येऊन बसला.

तो जिथे रंगवला गेला तिथलं आकाश मात्र काळं होतं. इंग्लंडमधल्या स्टोक-ऑन-ट्रेंट भागातली सहा गावं म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांचं कारखान्यांचं जाळं. पांढरी माती दूरच्या कॉर्नवॉल आणि डेव्हनमधून यायची, पण कोळसा इथला. भांडी भाजायला कोळसा मातीपेक्षा जास्त लागतो, म्हणून माती कोळशाकडे आली. बाटलीच्या आकाराच्या विटांच्या भट्ट्या घरांना खेटून उभ्या होत्या. त्या पेटल्या की गल्लीत धूर दाटायचा.

क्लॅरिसचा जन्म इथल्याच टन्स्टलमधला, १८९९ चा. तेराव्या वर्षी ती भांडी रंगवायच्या कामाला लागली. तेव्हाची रीत अशी की मुलीने एकच काम धरायचं, त्यात हात बसवायचा आणि पगार वाढवून घ्यायचा. हिने ते केलं नाही. एक काम जमलं की ती दुसरं शिकायला जायची. संध्याकाळी बर्स्लेमच्या आर्ट स्कूलमध्ये वर्ग. (आमच्या क्षेत्रात अशा माणसाच्या सीव्हीकडे एचआर जरा संशयाने बघतं.)

१९२७ मध्ये तिला स्वतंत्र स्टुडिओ मिळाला, त्यामागचं कारण अगदी व्यवहारी होतं. तिच्या कंपनीने न्यूपोर्ट पॉटरी विकत घेतली, तेव्हा सोबत जुन्या धाटणीच्या, न रंगवलेल्या, बारीकसारीक दोष असलेल्या भांड्यांचा ढीगही आला होता. तिने त्यांवर जाड ब्रशने भडक त्रिकोण रंगवले. दोष झाकले गेले आणि माल खपला. या मालाला तिने नाव दिलं 'बिझार', म्हणजे चमत्कारिक. निसर्गचित्रं त्यानंतर आली.

ही चित्रं एका हातची नव्हती, आणि मला सगळ्यात रस आहे तो इथे. एक मुलगी बाह्यरेषा काढायची, दुसरी रंग भरायची, तिसरी चाकावर भांडं फिरवून कडेचे पट्टे ओढायची. त्यांच्या 'क्रोकस'मध्ये फुलाची पाकळी म्हणजे ब्रशचा एकेक फटकारा. मग भांडं उलटं धरून पानं काढायची. खालचा तपकिरी पट्टा म्हणजे जमीन, वरचा पिवळा म्हणजे ऊन. एवढा सोपा निसर्ग, म्हणून तो हजारो वेळा हाताने काढता आला. नुसती सुंदर कल्पना असून भागत नाही, ती दुसऱ्याच्या हाताला झेपावी लागते.

आता १९३४ मधलं लंडनच्या हॅरॉड्समधलं प्रदर्शन घ्या. ब्रिटिश मालाचं डिझाइन सुधारायला हवं, अशी चर्चा तेव्हा सरकारदरबारी चालू होती. त्यावर उपाय निघाला की नामवंत चित्रकारांकडून भांड्यांसाठी डिझाइन्स घ्यायची. पॉल नॅश, व्हॅनेसा बेल, डंकन ग्रँट, लॉरा नाइट, बेन निकल्सन अशी मंडळी गोळा झाली. यातला नॅश तर निसर्गचित्रांसाठीच ओळखला जायचा. मातीच्या भांड्यांचं काम क्लॅरिसच्या देखरेखीखाली झालं. बुडाशी चित्रकाराची सही आणि सोबत क्लॅरिसचंही नाव.

नावं मोठी असूनही ही भांडी फारशी खपली नाहीत. किंमत हे एक कारण असणार. पण माझ्या मते खरी अडचण ही होती की बहुतेकांनी कागदासाठी विचार केला. किटलीला पोट असतं, तोटी असते, कान असतो. चित्र तिथे वळतं, ताणलं जातं. तेराव्या वर्षापासून भांडी हाताळलेल्या बाईला हे कुणी सांगावं लागत नव्हतं. गंमत म्हणजे 'चांगलं डिझाइन' शिकवायला निघालेल्यांच्या यादीत कारखान्यातून वर आलेली माणसं जवळपास नव्हतीच.

दुसरं महायुद्ध आलं आणि देशातल्या ग्राहकांसाठी सजवलेली भांडी बनवण्यावर बंदी आली. रंगवणाऱ्या मुली पांगल्या. युद्धानंतर क्लॅरिसची ती जुनी लाट परत आली नाही. १९६४ मध्ये कारखाना विकला गेला. १९७१ च्या अखेरीस ब्रायटनच्या म्युझियममध्ये तिच्या कामाचं प्रदर्शन सुरू झालं. कॅटलॉगसाठी तिने टिपणं दिली, उद्घाटनाला मात्र गेली नाही. १९७२ मध्ये ती वारली.

त्यानंतर संग्राहक तिच्या स्टुडिओतल्या मुलींना शोधू लागले. तोवर त्या आज्या झाल्या होत्या. त्यांच्या आठवणी नोंदवल्या गेल्या आणि कळलं की पहिल्यांदा 'क्रोकस' रंगवणाऱ्या मुलीचं नाव एथेल बॅरो होतं. भांड्यांच्या बुडाशी मात्र छापलेली सही क्लॅरिसचीच आहे.