कान का वाजतात? तीनशे वर्षांचा शोध

विसर्जन मिरवणुकीत डीजेच्या भिंतीजवळ दोन-तीन तास काढले. घरी येऊन अंथरुणाला पाठ टेकली आणि कानात बारीक शिट्टी ऐकू येऊ लागली. बहुतेकांची ती एक-दोन दिवसांत थांबते, पण काहींची थांबत नाही. तुम्ही त्यांपैकी असाल, तर 'आता हा आवाज मला जन्मभर छळणार का?' हा प्रश्न तुमच्या मनात येऊन गेला असेल. वैद्यकशास्त्राला या प्रश्नाचं उत्तर टप्प्याटप्प्यानं सापडलं. ते टप्पे समजले, तर तुमची निम्मी भीती कमी होईल.

या तक्रारीला आम्ही टिनिटस म्हणतो. आयुर्वेदातला शब्द आहे कर्णनाद. माधवनिदानात याचं वर्णन करताना रोग्याला भेरी, मृदंग, शंख यांच्यासारखे आवाज ऐकू येतात असं म्हटलं आहे. म्हणजे दुखणं जुनंच आहे.

मोठ्या आवाजानं कान बिघडतो, हे नीट नोंदवणाऱ्यांपैकी एक होते इटलीतले डॉक्टर बर्नार्डिनो रामाझिनी. कामगारांच्या आजारांवरच्या त्यांच्या ग्रंथाच्या 1713 च्या आवृत्तीत व्हेनिसमधल्या तांबटांचं वर्णन आहे. दिवसभर भांडी ठोकून या लोकांना कमी ऐकू येऊ लागतं आणि म्हातारपणी ते ठार बहिरे होतात, असं ते लिहितात. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पुढे वाफेची इंजिनं आली. बॉयलरचे रिव्हेट ठोकताना एक कामगार बॉयलरच्या पोटात बसत असे. 1886 मध्ये ग्लासगोच्या थॉमस बार यांनी अशा 100 कामगारांचे कान तपासले आणि पोस्टमनच्या कानांशी तुलना केली. बॉयलर कामगारांची श्रवणशक्ती कितीतरी वाईट निघाली.

असं का होतं? प्रत्येक आंतरकर्णात सुमारे 15,000 नाजूक केसपेशी असतात. प्रचंड आवाजानं त्या मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. कानाकडून येणारे संदेश कमी झाले, की मेंदू रेडिओचा आवाज वाढवावा तशी आपली संवेदनशीलता वाढवतो. त्यात ऐकू येणारी खरखर म्हणजे तुमची शिट्टी, असं आज मानलं जातं.

मग उपाय काय? फ्रान्सचे डॉक्टर इतार यांनी 1821 मध्येच एक साधी गोष्ट लिहून ठेवली होती. कानातला आवाज झोपू देत नसेल, तर खोलीत त्याच्याशी मिळताजुळता दुसरा आवाज ठेवा. शेकोटीत जळणारं ओलसर लाकूड किंवा भांड्यात ठिबकणारं पाणी त्यासाठी चालेल, असं त्यांनी सुचवलं होतं.

1953 मध्ये हेलर आणि बर्गमन यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कानाची काहीही तक्रार नसलेल्या 80 प्रौढांना त्यांनी ध्वनिरोधक खोलीत बसवलं आणि जे ऐकू येईल ते सांगायला सांगितलं. त्यांच्यापैकी 94 टक्के लोकांना गुणगुण, शिट्टी असे आवाज ऐकू आले! म्हणजे पूर्ण शांततेत जवळजवळ प्रत्येकाचा कान वाजतो. मग त्रास काहींनाच का होतो? 1990 मध्ये पावेल जास्त्रेबॉफ यांनी याचं स्पष्टीकरण मांडलं. मेंदू या आवाजाला 'धोका' समजला, की तो त्याच्यावर पाळत ठेवतो. पाळत ठेवली की आवाज जास्त जाणवतो आणि भीती आणखी वाढते. हाच आवाज निरुपद्रवी आहे हे मेंदूला पटलं, की घरातल्या पंख्याची घरघर जशी तुम्हाला ऐकू येईनाशी होते, तसंच इथेही घडतं. याला काही महिने लागू शकतात.

म्हणून रात्री अगदी शांत खोलीत झोपू नका. पंखा चालू ठेवा किंवा पावसाचा आवाज हळू लावा. शिट्टी आहे की गेली, हे सारखं तपासत बसू नका. जागरण आणि ताण यांनी ती वाढल्यासारखी वाटते, तेव्हा झोप सांभाळा. कानात तेल घालू नका. टिनिटस हमखास घालवणारं औषध आज उपलब्ध नाही, त्यामुळे तशा जाहिरातींवर पैसे घालवू नका. ऐकू कमी येत असेल, तर श्रवणयंत्रानं शिट्टीही बरेचदा सौम्य होते.

उरलेल्या केसपेशी मात्र जपा. 85 डेसिबलचा आवाज आठ तास चालतो, असा एक प्रचलित निकष आहे. दर 3 डेसिबलला ही वेळ निम्मी होते, म्हणजे 100 डेसिबलला जेमतेम 15 मिनिटं मिळतात. ढोल-ताशा पथकात असाल, तर इयरप्लग वापराच.

आवाज एकाच कानात येत असेल, नाडीच्या ठोक्यांबरोबर येत असेल, किंवा सोबत चक्कर येत असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. ऐकू येणं अचानक कमी झालं, तर त्याच दिवशी जा, कारण तिथे उशीर महागात पडतो. आणि या आवाजानं झोप, काम किंवा मन पार विस्कटलं असेल, तर तेही डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा. त्यावर चांगले उपचार आहेत.