रात्री होडी नांगरताना साखळी किती, दोर किती?

खाडीत होडी रात्रभर नांगरायची असेल, तर दोर ओहोटीच्या पाण्यावर मोजू नका. रात्री भरती आली की तोच दोर तोकडा पडतो, नांगर सुटतो आणि होडी खडकाकडे सरकते.

हिशोब सोपा आहे. भरतीची खोली 4 मीटर, पाण्यापासून नाळेची उंची 1 मीटर, म्हणजे झाले 5. साखळी आणि दोर मिळून याच्या 7 पट, म्हणजे 35 मीटर सोडा. वारा वाढला तर आणखी सोडा, पण होडी फिरायला जागा आहे ना, ते आधी बघा.

साखळी : नांगराकडे किमान होडीच्या लांबीएवढी, गॅल्व्हनाइज्ड. तिच्या वजनाने ओढ आडवी राहते, नांगर रुतून बसतो. तळाच्या दगडावर दोरही घासत नाही.

दोर : नायलॉनचा घ्या. तो ताणतो, लाटेचा झटका सोसतो. पीपीचा दोर स्वस्त, पण पाण्यावर तरंगतो, पंख्यात अडकतो आणि उन्हाने ठिसूळ होतो.

शॅकलची पिन तारेने बांधा. दोर होडीच्या कडेला घासतो तिथे जुन्या पाइपाचा तुकडा चढवा. झोपण्यापूर्वी काठावरच्या दोन खुणा धरून ठेवा. त्या सरकलेल्या दिसल्या, तर नांगर घसरतोय समजा.